सड्यावरची खबर

गंगारामने फवारणीचं इंजिन सुरू केलं तेव्हा सड्यावर, घरावरच्या त्या कातळी पठारावर, एक पान हलत नव्हतं. पाइप ओढत तो आंब्याच्या कलमाखाली गेला, नळी वर धरली, आणि नेमका त्याच वेळी समुद्राकडून वारा सुटला. मोहोरावर चढणारा फवारा मध्येच वळला आणि गंगारामच्याच तोंडावर आला. नळी टाकून तो डोळे गच्च मिटून खाली बसला. किशोरी कळशी घेऊन धावली. तिने त्याच्या डोळ्यांवर पाणी मारलं, पुन्हा मारलं, मग ओढणीच्या टोकाने पुसलं.

"इंजिन बंद कर गो," तिचा सासरा गणपत म्हणाला.

इंजिन थांबल्यावर सडा एकदम मोठा वाटायला लागला. खाली जामसंड्याच्या बाजूला मोबाइलचा टॉवर आणि त्याच्यापलीकडे राखी समुद्र दिसत होता. ड्रममध्ये कालवलेलं औषध तसंच होतं. एकदा कालवलं की ते दुसऱ्या दिवशी चालत नाही. गणपत ड्रमच्या काठावर हात ठेवून वारा पडायची वाट बघत उभा राहिला. वारा पडला नाही.

"चंदन आसतो तर तेना घरात बसान सांगल्यान आसता," गंगाराम लाल डोळ्यांनी म्हणाला, "आज वर चढा नको, वारो सुटतलो म्हणान."

गणपतने ड्रम कलता करून औषध कातळाच्या खाचेत ओतून दिलं.

चंदन हा गणपतचा एकुलता एक मुलगा. परतीच्या पावसात याच सड्यावर कलमांखालचं गवत कापताना वीज पडली आणि तो गेला. आदल्या वर्षी त्याने कोल्हापूरहून हवामानाचं एक यंत्र आणलं होतं. सड्यावर शेवटच्या रांगेत लोखंडी पाइप रोवून त्यावर एक पांढरा सांगाडा बसवलेला. वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशेची शेपटी, पावसाचं भांडं. घरात पाटीएवढा पडदा. मध्ये वायर नाही, सड्यावरचे आकडे हवेतूनच पडद्यावर यायचे. घर खाली घळीत, तिथे बसून सड्यावरचा वारा कळायचा नाही. चंदन सकाळी चहा पिता पिता पडदा बघायचा आणि आज फवारणी की नाही ते ठरवायचा. तो गेल्यापासून पडद्यावर बहुतेक वेळ नुसत्या आडव्या रेघा असायच्या.

"उद्या शेवटची रांग पण करूक व्हयी," परत निघताना गणपत म्हणाला.

"ती रवांदे," गंगाराम म्हणाला. "थंय मी जावचंय नाय. आधीच सांगलंय."

गावात कोणीच तिथे जात नव्हतं. त्या पाइपानेच वीज बोलावली, असं लोक म्हणत. वीज खरं तर बाजूच्या कलमावर पडली होती आणि पाइप तसाच उभा होता. पण भारे आणायला जाणाऱ्या बायका सांगत की दुपारच्या वेळी त्या रांगेतून गवत कापल्याचा आवाज येतो. खस, खस. बघायला गेलं की थांबतो.

घरी गणपतची बायको मथुरा फ्रिजसमोर स्टूल टाकून बसली होती. पडदा फ्रिजवर ठेवलेला. किशोरीने सासऱ्याला पेज वाढली, लोणच्याची फोड ठेवली. गणपत मान खाली घालून जेवत होता. त्याच्या हाताच्या शिरांवर औषधाचे पांढरे डाग सुकले होते.

"आये, जेवान घेवा."

"बारा वाजले काय?"

"वाजतले आता."

मथुरा उठली नाही. थोड्या वेळाने पडद्यावरच्या रेघा गेल्या आणि आकडे उमटले.

"इलो," मथुरा म्हणाली, दारात कोणी आल्यासारखं.

गणपतचा हात ताटात थांबला, मग पुन्हा चालायला लागला. मथुरा वाऱ्याच्या आकड्याकडे बघत होती. आकडा लहान असला की ती म्हणायची, बसलो आसा. मोठा झाला की, फिरता. आज तो चढत होता. "वायच बस रे," ती पडद्याला म्हणाली. "सकाळपासना नुसतो धावता."

हे असं रोज दुपारी चालायचं. ऊन कलेपर्यंत आकडे राहायचे, मग रेघा यायच्या. रेघा आल्या की मथुरा स्टूल भिंतीला लावून ताटावर बसायची. सुरुवातीला किशोरीला वाटलं, दुःख आहे, निवेल. पण एकदा मोरीत भांडी घासताना माजघरातून "इलो" ऐकू आलं आणि तिचा ओला हात आपोआप केस सारखे करायला गेला. तेव्हापासून तिला दुपारची भीती वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मोहोराचा एक तुरा तिने खुडून आणला. दांड्यावर पिठासारखी भुरी चढली होती. पहिला मोहोर ढगाळ हवेने गेलाच होता, आता हा दुसरा. तिने यंत्राचं खोकं माळ्यावरून काढलं आणि त्यावरच्या नंबरला फोन लावला. कोल्हापूरचं दुकान होतं. माणूस सावकाश बोलणारा होता.

"सेन्सर आणि डिस्प्ले यांच्या मध्ये काय काय येतं, मॅडम?"

"चिऱ्याची भिंत. मग चढ. मग आंब्याची कलमं."

"डिस्प्ले कुठे ठेवलाय?"

"फ्रिजवर."

"तिथून आधी काढा. सड्याच्या बाजूला खिडकी असेल तर तिच्यात ठेवा. आणि सेन्सरच्या आसपासच्या झाडांना नवी पालवी आली होती का, मधल्या काळात?"

"दसऱ्यानंतर आली."

"तेच. पानांत पाणी असतं. त्यात तुमच्याकडे दव. ओल्या पानांतून सिग्नल पुढे जात नाही. दुपारी पानं सुकली की थोडा वेळ येत असेल, बघा."

किशोरीने मागे वळून पाहिलं. पलीकडे मथुरा तांदूळ निवडत होती.

"येतो," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग सेन्सर मोकळ्यावर आणा. घरातून सरळ नजरेला पडेल अशा जागी, शक्य तेवढा जवळ. ज्यांनी बसवलाय ना, त्यांनाच सांगा. त्यांना जागा माहीत असेल."

"ते आता इथे नसतात."

"मुंबईला का?"

"हो," किशोरी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने पडदा खिडकीत ठेवला. त्याने एवढंच झालं की आकडे दुपारी थोडे लवकर यायला लागले. मथुराने स्टूल खिडकीशी नेलं.

त्याच आठवड्यात फोंडाघाटाहून तिच्या भावाचा फोन आला. "मे महिन्यात आंबे उतरले काय मी येतंय तुका न्हेऊक," तो म्हणाला. "थंय तुझा आता काय रवला?"

"बघूया," ती म्हणाली.

संध्याकाळी पडवीत गणपत गुडघ्याला तेल चोळत होता. वारा बघायला तो हल्ली रोज पहाटे सडा चढायचा, आणि खाली येऊन माणसं, पाणी, औषध घेऊन वर जाईपर्यंत वारा बदललेला असायचा. किशोरीने दुकानदाराने सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. फक्त दुपारी पानं सुकतात, हे सांगितलं नाही.

"गडग्यार बांधूक येतला," तो विचार करून म्हणाला. "घराच्या वरच्या अंगाक. थंयना खिडकी दिसता."

"ती काठी हलवची नाय," मथुरा दारातून म्हणाली. कधीपासून ती तिथे उभी होती कोण जाणे.

"मथुरा, मोहोर काळो पडता."

"पडांदे. ती तेच्या हातची आसा. हलवलास तर तो खंय उभो रवतलो?"

गणपतने तेलाची वाटी खाली ठेवली.

किशोरी सासूजवळ गेली. "आये, हलवली तर दिवसभर दिसतला."

मथुराने तिच्याकडे पाहिलं. "दिवसभर?"

"सकाळी, सांजचा, कधीपण."

"दव पडला तरी?"

"तरीपण."

मथुरा उंबऱ्यावर बसली. तिचा चेहरा भुकेल्या माणसासमोर ताट आल्यासारखा झाला होता. "मगे हलवा," ती म्हणाली. किशोरीला आपण काहीतरी वाईट केल्यासारखं वाटलं, पण ते नेमकं काय ते तिला सांगता आलं नसतं.

गंगाराम यायला तयार नव्हता. गणपत स्वतः त्याच्या घरी गेला, पडवीत बसून राहिला. शेवटी गंगाराम म्हणाला, "आधी गाऱ्हाणा घाल, मगे पहार लावतंय."

सकाळी तिघं वर गेली. मथुराला खिडकीशी बसवलं होतं. आकडे आले की हाक मारायची, एवढंच तिचं काम. उतारावरून हाक सड्यापर्यंत पोचते.

शेवटच्या रांगेत गुडघाभर वाळकं गवत होतं. तिथे पोचायच्या आधीच गंगारामने हात वर केला. तिघं थांबली. खस, खस. मधे थोडं थांबून पुन्हा खस. कापणारा माणूस मूठ भरायला थांबतो तसं. गणपत पुढे झाला, गवतात पाय घातला, आणि आवाज बंद पडला.

वीज पडलेलं कलम अर्धं वाळलं होतं. खोडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. उरलेल्या अर्ध्या भागावर मात्र मोहोर आला होता, आणि तो मोहोर स्वच्छ होता. त्याच्या पायथ्याशी गवत वेगळ्या उंचीचं होतं. अर्धवट कापलेलं, मग वाढलेलं. किशोरीने तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

गणपतने नारळ ठेवला, टोपी काढली आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, ह्या सड्याच्या राखणदारा. आज तुझ्या जाग्यार आमी हात घालतंव."

"होय म्हाराजा," गंगाराम म्हणाला.

"आमचो झील हंय पडलो. तेचा काय तुझ्याकडे रवला आसात ता तुझ्याकडे रवांदे." गणपतने नारळ थोडा पुढे सरकवला. "आमचा जा काय आसात, ता आमका दी."

"होय म्हाराजा."

मग गंगारामने पहार लावली. पाइपाच्या बुडाशी चंदनने चिऱ्याचे तुकडे ठासून भरले होते, ते एकेक उपटावे लागले. वरचा सांगाडा उतरवायचं काम किशोरीचं होतं. ती दगडावर चढली. तार डावीकडे पिळलेली होती. चंदन डावखुरा, त्याची प्रत्येक गाठ उलटी असायची; लग्नानंतर तिला त्याने बांधलेलं गोणपाटाचं तोंड कधी सोडवता यायचं नाही. आता तिने बोटांनी चाचपत पीळ उलटा फिरवला. तार गंजली होती, तिच्या अंगठ्याला टोचली, रक्त आलं. शेवटचा पीळ सुटला तेव्हा सगळं यंत्र एकदम तिच्या छातीवर कललं. वाटलं तितकं ते जड नव्हतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि तशीच खाली उतरली, आणि कोणी घ्यायला पुढे आलं तरी दिलं नाही.

लोखंडी पाइप गंगारामने तिथेच टाकायला लावला. गडगा म्हणजे सडा जिथे संपतो तिथली दगड रचून केलेली भिंत. तिथून खाली घराची कौलं आणि खिडकी सरळ दिसत होती. चिवारीचा आखूड बांबू त्यांनी गडग्यात पक्का ठोकला. "उद्या सेल बदलूचे झाले तर हाताक येवक व्हया," म्हणून गणपतने उंची फार ठेवू दिली नाही. किशोरीने यंत्र बांधलं. वाट्या आधी कुरकुरल्या, मग फिरायला लागल्या.

तिघं वाट बघत उभी राहिली. खालून काही येईना. गंगारामने विडी काढली.

आणि मग घळीतून हाक आली, लांब, उंच, आनंदाने फाटलेली.

"इलोऽऽ! गो, इलोऽऽ!"

गंगारामच्या हातातली पहार सुटून कातळावर खणकन पडली. "कोण इलो?" तो पांढऱ्या तोंडाने म्हणाला.

गणपत गडग्यावर बसला आणि रडला. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर पडद्यावर रेघा आल्या नाहीत. दव असो, ढग असो, आकडे हजर. गणपत पहाटे घरातूनच वारा बघायचा आणि गंगारामला निरोप धाडायचा. सकाळच्या शांत वेळात रांगांमागून रांगा फवारून झाल्या. किशोरी पाइप ओढत होती, पाणी वाहत होती, संध्याकाळी खांदे उचलता येत नव्हते. गंगारामने शेवटची रांगही केली, तोंडाने देवाचं नाव घेत, पण केली. मोहोरात मोहरीएवढी कणी धरायला लागली.

मथुरा मात्र वाळायला लागली. स्टूल सोडून ती उठायचीच नाही. आधी दुपारी आकडे गेले की ती जेवायची, आता ते जातच नव्हते. दिवेलागणीला किशोरी वात लावायला यायची तेव्हा ती खिडकीशी, तोंडावर पडद्याचा निळसर उजेड. घाटाकडून गार हवा उतरायला लागली होती. तापमानाचा आकडा संध्याकाळपासून खाली खाली जायचा आणि मथुरा तो बघत बसायची.

"आधी सांजचो तो खंयतरी जायचो," एकदा ती म्हणाली. "आता रातचो पण थंयच उभो."

"आये..."

"दव किती पडता बघ. आणि वारो."

किशोरी तिच्या पायाशी बसली. "आये, ता यंत्र आसा. पानांचा पाणी मधे येय, म्हणान आधी फकत दुपारचा दिसायचा. आता मोकळ्यार ठेवला, म्हणान सगळो वेळ दिसता. तेच्यात दुसरा काय नाय."

म्हटल्यावर तिला वाटलं, आता सासू ओरडेल, किंवा रडेल. मथुरा फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "यंत्र आसा ता माका कळता गो. मी काय पिशी नाय." मग पुन्हा पडद्याकडे वळली. "पण थंडी खरी मा?"



पुढच्या काही दिवसांतलीच एक सकाळ. उजाडत होतं. किशोरीने चूल पेटवली, पाणी ठेवलं आणि सवयीने खिडकीकडे पाहिलं. वाऱ्याचा आकडा शून्य होता. गंगारामला बोलवायला बरं, असा विचार तिच्या मनात आला. मग तिचं लक्ष बाहेर गेलं. अंगणात माडाच्या झावळ्या चांगल्या हलत होत्या. खाली घळीत एवढा वारा, आणि सड्यावर शून्य? तिने जवळ जाऊन पाहिलं. ऊन यायला अजून वेळ होता, तरी सड्यावरचं तापमान चढत होतं. तिच्या डोळ्यांसमोर आकडा बदलला, आणखी वर गेला. अंगाच्या उबेसारखं काहीतरी तिथे होतं.

स्टूल रिकामं होतं. माजघरात मथुराची वाकळ घडी करून ठेवलेली. चंदनच्या पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण उघडं.

किशोरी होती तशी धावली. मागून गणपतने काहीतरी विचारलं, ते तिने ऐकलं नाही. चढावर खडे टोचत होते, श्वास छातीत मावत नव्हता. अर्ध्या वाटेवर तिला वाटलं, वर दोघं दिसली तर? ती थांबली नाही.

मथुरा गडग्यावर उभी होती. बांबूवरच्या यंत्राभोवती तिने चंदनची जाड सोलापुरी चादर गुंडाळली होती, डोक्यावरून घेतात तशी, आणि बाहेरून दोन्ही हातांनी ती कवटाळून धरली होती. गाल चादरीला लावलेला. वाऱ्याने तिचं लुगडं पायांवर फडफडत होतं. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते.

"आये," किशोरी खालून म्हणाली.

"वायच उबारो मेळूंदे तेका."

किशोरी गडग्यावर चढली. दगड दवाने निसरडे झाले होते. ती सासूच्या शेजारी उभी राहिली. चादरीला अजून त्याचा वास होता, किंवा ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा असेल. तिने हात पुढे केला, मागे घेतला. चादर ओढून काढायची हिंमत तिला झाली नाही. काढावी असंही वाटलं नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. घाटाच्या डोंगरामागे आभाळ उजळायला लागलं.

बराच वेळ गेला. किशोरीचे दात वाजायला लागले. तिने ते आवळून धरले, पण खांदे थरथरत होते आणि मथुराच्या दंडाला ती थरथर कळत होती.

मथुराने गाल चादरीवरून उचलला आणि सुनेकडे पाहिलं. आधी नुसतंच पाहिलं, ओळख लागत नसल्यासारखं. मग तिची नजर किशोरीच्या पातळ गाऊनवरून खाली तिच्या पायांवर गेली.

"गो, तू अशीच इलंस? अंगार काय नाय, पायात चपला नाय."

"धावत इलंय."

"पायाच्या बोटातना रगात येता तुझ्या."

"कायएक नाय ता."

मथुरा थोडा वेळ तिथेच घुटमळली. एकदा चादरीकडे, एकदा सुनेकडे. मग तिने हळूहळू वेढे सोडले, एकेक करून, झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसे. शेवटचा वेढा निघाला आणि वाट्या गरकन फिरल्या. मथुराने तिकडे पाहिलं नाही. ती चादर तिने किशोरीच्या खांद्यांवर टाकली, पुढून घट्ट ओढली आणि गळ्याशी मुठीत धरली.

"धर. सोडू नको."

चादर आतून उबदार होती. किशोरीने ती धरली, आणि आतापर्यंत कुठेही न आलेलं रडू तिला तिथे, त्या उबेत आलं. मथुरा तिच्या पाठीवर थापटत राहिली.

खाली उतरताना मथुरा पुढे झाली. पायवाटेच्या कडेच्या करवंदीच्या काटक्या ती पायाने बाजूला सारत होती.

"हंय काटे आसत," मागे न बघता ती म्हणाली. "मी पाय ठेवतंय थंयच ठेव."

किशोरी तिच्या पावलावर पाऊल ठेवत उतरत राहिली.